केशरी पट्ट्यातली पिवळी रेघ: घरच्या कलर लेझर प्रिंटरचं दुखणं पानावरून कसं ओळखावं

नागपूरच्या मनीषनगरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या घरी संत्रा बर्फी करतात आणि डब्यांवरची लेबलं घरच्याच कलर लेझर प्रिंटरवर काढतात. प्रिंटर दोन वर्षांचा आहे. मार्चपर्यंत सगळं ठीक होतं, एप्रिलच्या मध्यापासून तीन दुखणी एकदम सुरू झाली. लेबलावरच्या केशरी पट्ट्यात वरपासून खालपर्यंत एक बारीक पिवळी रेघ येते. कोऱ्या जागेत निळे ठिपके पडतात, दर पानावर. आणि नखाने घासलं की छपाई निघून येते. रेघ पिवळी म्हणून त्यांनी पिवळा टोनर, म्हणजे रंगाची पूड, बदलून पाहिला, काही फरक पडला नाही. आता बर्डीवरचे एक दुकानदार म्हणतात, ड्रमचा, म्हणजे ज्या गोल नळ्यांवर रंगाचं चित्र तयार होऊन कागदावर उतरतं त्यांचा, अख्खा सेट बदला, जमलं तर छपाई तापवून पक्की करणारा फ्यूजरही बदला. दोन्हींचा हिशेब नव्या प्रिंटरच्या आसपास जातो. ताईंनी छापलेल्या पानांचे आणि उघडलेल्या प्रिंटरचे फोटो पाठवले आहेत. "भाऊ, काहून असं होऊन राहिलं, आणि पैसे नेमके कशावर घालू?" एवढंच त्यांना हवं आहे.

ताई, आज तरी काहीच विकत घेऊ नका. तुमच्या फोटोंवरून मला तिन्ही दुखण्यांची कारणं वेगवेगळी दिसतात, आणि बहुधा एकालाही नवा पार्ट लागणार नाही. कसं ओळखलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता येईल.

नागपुरात प्रिंटर दुरुस्त करायला लागून मला २२ वर्षं झाली. या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो अंदाजाने पार्ट बदलण्यात. कलर लेझरचं छापलेलं पान स्वतःच बोलतं. त्याला तीन गोष्टी विचारायच्या. बिघाड कोणत्या रंगात आहे? कागद ज्या दिशेने जातो त्या दिशेत आहे की आडवा? आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर दर किती मिलिमीटरला येतो? यांची उत्तरं हातात आल्याशिवाय मी स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्यायची. मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून छापू नका. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून टेस्ट पेज काढा. त्यातही तेच दुखणं दिसलं तर दोष मशीनमध्ये आहे. टेस्ट पेज स्वच्छ आलं तर मशीन निर्दोष आहे, गडबड फाइलमध्ये किंवा सेटिंगमध्ये. मग चार पानं काढा, एक पूर्ण सायन (आकाशी निळा), एक पूर्ण मॅजेंटा (किरमिजी गुलाबी), एक पूर्ण यलो, एक पूर्ण काळं. काही प्रिंटरच्या मेनूत अशी पानं तयार असतात. नसतील तर कुठल्याही चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये पानभर एकच रंग भरा. चार पानांचा टोनर जाईल, पण दुखणं कोणत्या रंगाच्या खणात आहे ते कळेल. पिवळ्या पानावरचा दोष पांढऱ्या उजेडात डोळ्याला सहजासहजी दिसत नाही. खोली अंधारी करा, मोबाइलच्या स्क्रीनवर गडद निळा रंग लावा आणि त्या उजेडात पान धरा. पिवळा रंग निळा उजेड शोषतो, त्यामुळे टोनर असलेली जागा काळपट दिसते आणि नसलेली जागा उठून येते.

आता तुमची पिवळी रेघ.

कलर लेझरमध्ये केशरी नावाचा टोनर नसतो. पूर्ण पिवळा आणि त्यावर साधारण ५० ते ६० टक्के मॅजेंटा, म्हणजे तो किरमिजी गुलाबी रंग, असा संत्र्याचा केशरी तयार होतो. तुमच्या पट्ट्यात रेघ पिवळी दिसते, म्हणजे तिथे पिवळा व्यवस्थित पडला आहे आणि मॅजेंटा पडलेलाच नाही. पिवळा बिघडला असता तर रेघ गुलाबी दिसली असती. तुम्ही बदललात तो टोनर अगदी चांगला होता. हा घोटाळा मी शेकडो वेळा पाहिला आहे, आणि त्यात तुमची चूक नाही. डोळ्याला जो रंग दिसतो त्याच्यावर संशय जाणं साहजिक आहे. पण मिश्र रंगात जो दिसतो तो हजर असतो, गैरहजर असलेला शोधावा लागतो. हिरव्यात पिवळी रेघ आली तर सायन गैरहजर, निळी रेघ आली तर पिवळा गैरहजर. जांभळ्यात गुलाबी रेघ आली तरी सायनच गैरहजर. जुना पिवळा टोनर फेकला नसेल तर कागदात गुंडाळून ठेवा, पुढे वापरता येईल.

कागदाच्या दिशेने सरळ जाणारी, एकाच रंगाची, कोरी रेघ बहुधा दोन कारणांनी येते. एक तर ड्रमवर प्रकाश पोचत नाही, किंवा ड्रमपर्यंत टोनर पोचत नाही.

तुमच्या प्रिंटरचं झाकण उघडलेला फोटो मी मोठा करून पाहिला. आत चार आडव्या काळ्या पट्ट्या दिसतात. म्हणजे तुमच्याकडे लेझरऐवजी एलईडीची पट्टी आहे. घरगुती मशीनमध्ये हे बरंच चालतं, दुकानात सगळ्यांनाच लेझर म्हणतात, आणि छपाईचं तत्त्वही तेच आहे. प्रत्येक रंगाला एक पट्टी, तिच्यावर हजारो बारीक दिवे. एखाद्या ठिकाणी टोनरची पूड किंवा धुळीचा कण बसला की त्या जागेचा प्रकाश अडतो आणि पानावर तिथे वरपासून खालपर्यंत रंग पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे संध्याकाळी जी धूळ उठते ती बंद खिडकीतूनही आत येते, आणि तुमचा प्रिंटर खिडकीशीच आहे.

प्रिंटर बंद करा, प्लग काढा, अर्धा तास थंड होऊ द्या. मग झाकण उघडून चारही पट्ट्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एका दिशेने पुसा. चष्मा पुसायचं कापड उत्तम. बोट लावू नका, पाणी नको, कॉलिन नको. झाकण लावून मॅजेंटाचं पान काढा. माझा अंदाज आहे की दहापैकी सात वेळा काम इथेच संपतं.

संपलं नाही तर ड्रम युनिटवर प्रत्येक रंगापाशी एक छोटी सरकणारी खूण असते, बहुधा हिरवी. तिच्या आत कोरोना वायर नावाची केसाएवढी तार आहे, ती ड्रमला वीजभार देते. तारेवर पूड बसली की त्या रंगाचे उभे पट्टे येतात. ती खूण डावीकडून उजवीकडे आणि परत, अशी आठ-दहा वेळा सावकाश सरकवा आणि शेवटी तिच्या मूळ जागी, बाणाच्या खुणेवर, आणून ठेवा. मध्येच कुठे राहिली तर तिथे नवा उभा पट्टा पडेल आणि तुम्ही घाबराल.

तरीही रेघ राहिली तर मॅजेंटा टोनर बाहेर काढून त्याच्या रोलरकडे नीट बघा. रोलरवर टोनरचा सारखा, मखमलीसारखा थर दिसला पाहिजे. त्या थरात रेघेच्याच जागी बारीक रिकामी कडी दिसली, तर थर सारखा करणाऱ्या पातीत टोनरची गुठळी अडकली आहे. तेव्हा दोष टोनर कार्ट्रिजचा, म्हणजे मॅजेंटाचं एक कार्ट्रिज बदलायचं. ड्रमचा सेट तेव्हाही नाही. आणि कितीही मोह झाला तरी मॅजेंटाचं कार्ट्रिज दुसऱ्या रंगाच्या खणात घालून बघू नका. रंग मिसळले की ते निस्तरणं फार कठीण जातं.

निळ्या ठिपक्यांचा फोटो पाठवताना तुम्ही पानाशेजारी पट्टी ठेवली, त्याबद्दल तुमचे खास आभार. पानावर तीन ठिपके आहेत, एकाखाली एक, दोन ठिपक्यांमध्ये साडेनऊ सेंटीमीटरला थोडं कमी. प्रिंटरच्या आत जे फिरतं त्याचा डाग दर फेऱ्याला एकदा उमटतो. ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर घेर होतो ९४ मिलिमीटर. २४ मिलिमीटरचा ड्रम असेल तर ७५. तुमचं अंतर ९४ला बसतं आणि रंग सायन आहे, म्हणजे सायनच्या ड्रमवर एका जागी काहीतरी चिकटलं आहे. अंतर लहान, दोन-चार सेंटीमीटरचं असतं तर मी टोनरच्या रोलरकडे बघितलं असतं. एक खुबी लक्षात असू द्या. टोनरचा रोलर ड्रमपेक्षा थोडा वेगाने फिरतो, म्हणून कागदावरचं अंतर त्याच्या प्रत्यक्ष घेरापेक्षा कमी भरतं. बरेच नवे मेकॅनिक रोलर मोजतात, अंतर जुळत नाही, आणि भलत्याच पार्टच्या मागे लागतात.

मग चिकटलं काय? तुम्ही लिहिलंय की एका पानावर १२ लेबलं असतात, सहा लागली तर उरलेलं पान जपून ठेवता आणि दुसऱ्या दिवशी परत घालता. काटकसर समजते मला, लेबलशीट स्वस्त नाही. पण लेबल काढलेल्या जागी कडेला गोंदाचा अंश राहतो. पान आतून जाताना तो गोंद थेट ड्रमवर घासतो, मग त्या चिकट ठिपक्यावर टोनर बसतो आणि दर फेऱ्याला उमटतो. लेबलशीट एकदाच आत जाऊ द्यायची. सहाच लेबलं हवी असतील तरी १२ छापा, उरलेली सहा डब्यात ठेवा. बर्फीची तारीख लेबलावर छापत असाल तर ती जागा कोरी सोडून पेनने किंवा शिक्क्याने घाला, म्हणजे लेबलं वाया जाणार नाहीत.

सायनचा ड्रम असा साफ करा. खोलीत ऊन येऊ देऊ नका, पडदा ओढा. ड्रम प्रकाशाला संवेदनशील असतो, तोच त्याचा गुण, म्हणून दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उघडा ठेवायचा नाही. अंगणात तर कदापि नेऊ नका, मे महिन्याच्या उन्हात ड्रम कायमचा जातो. ड्रम युनिट वर्तमानपत्रावर ठेवा, छापलेलं पान त्याच्यासमोर धरा आणि ठिपका कडेपासून किती अंतरावर आहे ते बघा. हातात उलटं धरलं की डावं-उजवं बदलतं, म्हणून दोन्ही कडांपासून तेवढंच अंतर तपासा. कडेचं गियर हाताने हळूहळू फिरवत जा. चकचकीत निळसर-हिरवट पृष्ठभागावर तांदळाच्या कणीएवढा किंवा त्याहूनही लहान डाग दिसेल. कानात घालायच्या कापसाच्या कोरड्या काडीने, अजिबात जोर न लावता, तो सुटेपर्यंत फिरवत राहा. नख नाही, ब्लेड नाही, स्पिरिट नाही. सुटल्यावर पाच-सहा कोरी पानं छपाईला सोडा. ठिपका फिकट होत गेला तर काम झालं. तसाच राहिला तर डाग नसून ओरखडा आहे, आणि ओरखड्याला मात्र ड्रम बदलण्याशिवाय इलाज नाही.

आता तिसरं, छपाई घासून निघण्याचं. दुकानदारांनी फ्यूजर सांगितलं ते इथूनच. फ्यूजर म्हणजे इस्त्री. टोनर ही शाई नसते, ती रंग घातलेल्या प्लास्टिकची पूड असते, एकेक कण ५ ते ८ मायक्रॉनचा. फ्यूजरचा रोलर १८० ते २०० अंशांच्या आसपास तापतो, पूड वितळते आणि कागदाच्या धाग्यांत बसते. कागद जाड असेल तर उष्णता जास्त लागते, म्हणून प्रिंटर अशा कागदासाठी आपला वेग कमी करतो. पण कागद जाड आहे हे त्याला तुम्ही सांगावं लागतं. तुमच्या स्क्रीनच्या फोटोत कागदाचा प्रकार "प्लेन" आहे. प्रिंटर लेबलशीटला साधा कागद समजून भरभर पळवतो आणि वरची पूड अर्धकच्ची राहते. तिथे "लेबल" निवडा. तो पर्याय नसेल तर "जाड कागद" निवडा, आणि शीट हाताने एकेक घालायच्या फटीतून द्या.

"मार्चपर्यंत ह्याच सेटिंगवर चाललं होतं ना," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तेव्हा तुमचा कूलर सुरू नव्हता.

याच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९३८ साली चेस्टर कार्लसन यांनी ही छपाई पहिल्यांदा जमवली तेव्हा त्यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला होता. घासून स्थिर वीज आली, प्रकाश पडला तिथली गेली, आणि उरलेल्या विजेवर पूड चिकटली. तुमच्या प्रिंटरमध्ये रुमालाच्या जागी कोरोना वायर आहे, पण सगळा खेळ अजूनही त्याच स्थिर विजेचा आहे. हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचट होते ती पावसाळ्यात होत नाही, कारण दमट हवेत ही वीज टिकत नाही. कागद दमट झाला की तेच होतं. पूड कागदावर नीट ओढली जात नाही, छपाई डागाळ येते, आणि फ्यूजरमध्ये बरीच उष्णता कागदातलं पाणी वाफ करण्यातच जाते. कागदाला बाक येतो, कडा लाटेसारख्या होतात, वाफही निघताना दिसते.

नागपूरचा मे महिना कोरडा, हे खरं. बाहेर ४५ अंश आणि दुपारी हवेत २० टक्क्यांहून कमी आर्द्रता. पण घरात खसाच्या किंवा लाकडी कातऱ्याच्या पॅडचा कूलर दिवसभर चालतो, आणि तो पाण्यातूनच हवा फेकतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की बंद खोलीत ती हवा जुलैच्या पावसासारखी दमट होते. तुमच्या फोटोत कूलरची जाळी आणि प्रिंटर एकाच चौकटीत आहेत, आणि लेबलशीटचं उघडं पाकीट दोघांच्या मध्ये ठेवलेलं आहे.

मी या गोष्टीची किंमत मोजलेली आहे, म्हणून इतकं लिहितोय. धंद्यात नवा होतो तेव्हा धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिपोर्ट घासून निघतात म्हणून मी फ्यूजर बदलून दिला. पहिल्या दिवशी पानं चांगली आली, कारण मी माझ्या पिशवीतला नवा कागद वापरला होता. चौथ्या दिवशी फोन आला, परत तेच. गेलो तर कागदाची रिम कूलरच्या झोतात, वरचे कागद हाताला गार लागत होते. डॉक्टरसाहेबांना मी फ्यूजरचे पैसे परत केले. त्या दिवसापासून कुठेही गेलो की पहिल्यांदा कागदाला हात लावून बघतो.

तुमच्यासाठी परीक्षा सोपी आहे. ७५ किंवा ८० जीएसएमच्या साध्या कागदाची नवी, सीलबंद रिम घ्या. सकाळी कूलर सुरू व्हायच्या आधी ती फोडा, वरचे दोन-तीन कागद सोडून मधले दहा घाला, सेटिंग "प्लेन" ठेवा आणि एक भरगच्च रंगाचं पान काढा. पाच मिनिटांनी नखाने घासा. ते पक्कं बसलं असेल तर फ्यूजर ठणठणीत आहे. साध्या कोरड्या कागदावरही सुटत असेल तरच फ्यूजरचं बोलू.

लेबलशीटच्या पाकिटावर "लेझर" असं स्पष्ट छापलेलं हवं. इंकजेटची चकचकीत शीट लेझरमध्ये घालू नका. तिचा लेप शाई शोषण्यासाठी असतो, फ्यूजरच्या उष्णतेत तो वितळून रोलरला गुंडाळतो, आणि मग दुकानदारांचं म्हणणं खरं ठरतं. पाकीट फोडल्यावर उरलेल्या शीट मोठ्या झिपच्या पिशवीत, सपाट ठेवा. कूलर आणि प्रिंटर वेगळ्या खोल्यांत ठेवता आले तर सर्वात चांगलं, नाहीतर निदान झोताची दिशा बदला. पण दार-खिडक्या लावून बिनकूलरच्या खोलीत दुपारी दोन वाजता छापायलाही बसू नका. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत ३२ अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. खोली त्याहून फार तापली तर मशीनच्या आतली उष्णता आणखी वाढते आणि टोनरच्या गुठळ्या व्हायचा धोका असतो. उन्हाळ्यात लेबलांचं काम सकाळी सहा ते नऊमध्ये उरकलेलं बरं.

तुमचे तीन प्रश्न इथे संपले. पण हे वाचणाऱ्या इतरांकडे दुसरी दुखणी असतील, तीही घेतो.

अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसत असेल, म्हणजे काळ्या अक्षराला गुलाबी किंवा निळी किनार, तर चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. प्रिंटर जागेवरून हलवला की हे हमखास होतं. मेनूत रंग जुळवायचा पर्याय असतो, रजिस्ट्रेशन किंवा कॅलिब्रेशन नावाचा, तो दोनदा चालवा. त्यानंतर रंग आणखीच विचित्र झाले तर आतला सेन्सर मळलेला आहे. प्रिंटर आतल्या बेल्टवर, म्हणजे कागद पुढे नेणाऱ्या पट्ट्यावर, रंगांचे छोटे चौकोन छापतो, सेन्सर ते वाचतो, आणि त्यावरून कोणता रंग किती टाकायचा ते ठरतं. २०२४च्या मे महिन्यात नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो सेन्सरचा दोष निघाला, आठवत असेल. ऊन तेवढं नव्हतंच, आकडाच चुकीचा होता. इथेही टोनर पुरेसा असतो, पण मळलेला सेन्सर कमी-जास्त सांगतो आणि प्रिंटर त्याच्यावर विश्वास ठेवतो. कापसाच्या कोरड्या काडीने सेन्सर पुसा आणि पुन्हा कॅलिब्रेशन करा.

पान एका बाजूला फिकट येत असेल तर टोनर संपत आला आहे किंवा एका कडेला साचला आहे. कार्ट्रिज काढून आडवं धरा आणि पाच-सहा वेळा हळू डोलवा. सगळंच फिकट असेल तर आधी टोनर वाचवायची सेटिंग सुरू राहिली आहे का ते बघा. घरातल्या कोणीतरी परीक्षेच्या नोट्स काढताना ती लावलेली असते.

कोऱ्या जागेवर सगळीकडे धुरकट रंगाची झाक येत असेल तर पावसाळी दमटपणा, झिजलेला ड्रम किंवा रिफिलचा टोनर, या तिघांपैकी एक. रिफिलबद्दल माझं मत असं की फक्त काळी अक्षरं काढायची असतील तर चांगल्या माणसाकडून भरून घ्यायला हरकत नाही. पण रंगीत लेबलं विकायच्या मालावर लागणार असतील तर नको. प्रत्येक टोनर किती वीजभार घेतो आणि किती अंशांना वितळतो हे त्या मशीनसाठी ठरवलेलं असतं. जुन्या उरलेल्या पुडीत दुसरी पूड मिसळली की रंग रोज वेगळा येतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं बर्फीच बदलली.

स्क्रीनवरचा केशरी आणि कागदावरचा केशरी जुळत नाही म्हणून बरेच जण टोनर बदलतात. तो बिघाडच नाही. मोबाइलचा केशरी स्वतः उजेड देतो, कागदाचा केशरी बाहेरचा उजेड परत करतो. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा केशरी चार टोनरमधून निघूच शकत नाही. तीन-चार छटा छापून घ्या, खऱ्या संत्र्याच्या शेजारी दिवसाच्या उजेडात धरा, जी पटेल तिचे आकडे लिहून ठेवा आणि त्याच वापरा.

आत पूड सांडली तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. कण इतके बारीक असतात की फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडतात. किंचित ओल्या कापडाने टिपा. हातावर किंवा कपड्यावर लागली तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती कायमची बसते. प्रिंटर इन्व्हर्टरच्या किंवा कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसच्या लाइनवर असेल तर काढा. फ्यूजर तापताना एका क्षणात मोठा भार घेतो, भिंतीतला थेट सॉकेटच त्याला बरा.

आणि ताई, न विचारलेलं एक सांगतो. तुमच्या एका फोटोत छापलेला कागद डब्याच्या आत बर्फीवर ठेवलेला दिसला. तो काढा. बर्फीचं तूप कागदात उतरतं, आणि टोनर खाण्याला लागण्यासाठी केलेला नसतो. लेबल डब्याच्या बाहेर, आत साधा बटर पेपर.

उद्या सकाळी कूलर लावायच्या आधी ह्या क्रमाने करा: एलईडीच्या पट्ट्या पुसा, सायनचा ड्रम साफ करा, नव्या रिमचा कागद घाला. मग मॅजेंटाचं एक आणि सायनचं एक पान काढा, शेजारी पट्टी ठेवून दोन्हींचा फोटो पाठवा. दुकानदारांना सांगा, परवापर्यंत थांबा.